गाद्यांच्या दुकानातला चावा आणि जप्त केलेला फवारा याबाबत

आधी हे लिहून घ्या, नावगाव मागून विचारा. माझी विहीण केव्हापासून तुमच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसलेली आहे. बाकाची एक फळी निखळलेली आहे आणि तिच्या मणक्यात गॅप आहे. तिला कुणी पाणी विचारलेलं नाही. ज्याला ती चावली त्याला मात्र आत खुर्ची, वर पंखा आणि हातात चहा. हे मी आत येताना स्वतः पाहिलं. हे कागदावर येईस्तोवर पुढचं बोलणार नाही असं मी सांगितलं, म्हणून हवालदारांनी पहिलं हेच लिहिलं आहे.

आता बाकीचं. नाव तुमच्या वहीत चढवलेलं आहे, त्या नावाने मला कुणी हाक मारत नाही, सगळे आजी म्हणतात. वय एकाहत्तर पूर्ण. शिक्षण तिसरी, तीही अर्धी. धंदा, शिंप्याच्या दुकानासाठी काजं-बटणं करणे, डोळे साथ देतात तोवर. राहणार लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर, मागच्या जिन्याने. समक्ष विचारल्यावरून जे पाहिलं आणि केलं तेवढंच सांगते, ते असं की:

जिच्यावरून हे सगळं झालं ती माझी नात, माझ्या मुलीची मुलगी, वय बावीस. चष्म्याच्या दुकानात फ्रेममध्ये काचा बसवते. मी तिला बटण म्हणते, कारण जन्मली तेव्हा तेवढीच होती. तिचे आईबाप दोघं बोटीवर कामाला आहेत, माझी मुलगी स्वयंपाकघरात आणि जावई इंजिनाकडे. वर्षातले बरेच महिने ती दोघं पाण्यावर असतात. त्यामुळे पोरीला आम्ही दोघींनी वाढवली आहे, मी आणि बाहेर बसलेली माझी विहीण, म्हणजे जावयाची आई. बटण मला आजी म्हणते आणि तिला आऊ.

बटणला आठव्या वर्षापासून फिटा येतात. रोजच्या गोळ्या आहेत, त्या ती घेते. तरी अधूनमधून एखादी येतेच. आली की पडते, अंग ताठ होतं, मग हातपाय झटके देतात आणि थोड्या वेळात आपोआप थांबतं. मग ती झोपते. उठली की तिला भूक लागते आणि ती सगळ्यांवर चिडते. ती चिडली की आम्ही समजतो, पोरगी ठिकाणावर आली.

पण कधी एखादी फीट थांबायचं नावच घेत नाही. ती वाईट. जितकी लांबते तितकी थांबवायला अवघड जाते, आणि मग श्वासाला धोका, मेंदूला धोका. हे मला डॉक्टरांनी सांगितलेलं आहे, माझ्या मनाचं नाही. त्यासाठी नाकात मारायचा फवारा मिळतो. औषधाचं नाव मिडाझोलाम, हवालदारांनी खोक्यावरून उतरवून घेतलं आहे. एका खोक्यात दोन फवारे, एकेक एकदाच वापरायचा. दवाखान्यातल्या नर्सताईंनी आम्हा दोघींना स्टुलावर बसवून शिकवलं. कुशीवर वळवायचं. तोंडात काही घालायचं नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. घड्याळ बघायचं. पाच मिनिटं झाली आणि तरी चालूच असेल, तर एका नाकपुडीत फवारा, पूर्ण दाबून, आणि गाडी बोलवायची. मी विचारलं, "पण खरंच द्यावा की नाही, असं वाटलं तर?" नर्सताई म्हणाल्या, "आजी, तिथे विचार करत बसायचं नाही. विचार आम्ही आधीच करून ठेवलाय. तुम्ही फक्त द्यायचा."

यात कामं वाटलेली आहेत. घड्याळ माझ्याकडे, कारण माझ्या मनगटावर मोठ्या आकड्यांचं आहे. फवारा विहिणीकडे, कारण ती पिशवी कधी विसरत नाही. तिच्या पिशवीत सुईदोऱ्यापासून जुलाबाच्या गोळीपर्यंत सगळं असतं आणि ते कुठल्या कप्प्यात आहे हे तिला झोपेतही सांगता येतं.

इथे हवालदारांनी विचारलं की तुमचे आपसातले संबंध कसे आहेत. ते सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आम्ही दोघी चौदा वर्षं एकमेकींशी बोलत नाही. भांडण मोठं नाही. बटणला पहिली फीट आली त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात विहिणीने मला विचारलं, "तुमच्याकडे कुणाला होतं का हो हे?" मी म्हणाले, "आमच्याकडे नव्हतं, तुमच्याकडेच शोधा." डॉक्टरांनी नंतर सांगितलं की हे कुणाच्याच घरातून आलेलं नाही. म्हणजे चुकलो दोघी. एकीच चुकली असती तर दुसरीने माफ केलं असतं. दोघी चुकल्यामुळे ते राहूनच गेलं.

तेव्हापासून आमचं बोलणं बटणमार्फत चालतं. एकाच पंगतीला बसून, हाताच्या अंतरावरून. "आऊला म्हणावं, मीठ इकडे सरकवा." "आजीला म्हणावं, मीठ आधीच जास्त झालंय, आता काय मिठागर उघडायचंय?" पोरगी जेवता जेवता निरोप पोचवते. शिव्या गाळते, एवढी समज तिला आहे. फवाऱ्याची तालीमही आम्ही रिकाम्या फवाऱ्यावर अशीच केली. बटण पलंगावर आडवी पडायची, मी घड्याळ बघायचे, पाच झाली की म्हणायचे, "बटण, आऊला सांग, पाच झाली." बटण डोळे मिटूनच म्हणायची, "आऊ, पाच झाली." मग विहीण फवारा पुढे करायची. दोनचार वेळा केली तालीम, कुठे अडलं नाही. नर्सताईंना आम्ही ही पद्धत सांगितली नव्हती.

आज सकाळी आम्ही तिघी चौकातल्या गाद्यांच्या दुकानात गेलो होतो. बटण आपल्या दुकानातल्या मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहणार आहे, तिला गादी हवी होती. सामानाच्या बांधाबांधीत दोन रात्री तिची नीट झोप झालेली नव्हती. डॉक्टर म्हणतात, तेच निमित्त झालं. दुकानात मी कडक गादी दाखवली. विहीण म्हणाली, "आजीला विचार, पोरगी झोपणार आहे की तिच्यावर कपडे बेतायचेत?" मी म्हणाले, "आऊला सांग, मऊ गादीवर झोपून त्यांच्या कमरेचं काय झालं ते सगळ्यांना दिसतंय." बटण दोन गाद्यांच्या मधे उभी राहून हसत होती. टाय लावलेला विक्रेता म्हणाला, "आमच्याकडे मध्यमही आहे." बटण म्हणाली, "बघा, यांनाही कळलं." हे तिचं शेवटचं वाक्य. त्यानंतर ती पडली.

पडली ती गाद्यांवर नाही. दुकानभर गाद्या, आणि पोरगी नेमकी मधल्या फरशीवर. मी घड्याळ पाहिलं. विहिणीने तिला कुशीवर घेतलं आणि आपला डावा हात तिच्या गालाखाली सरकवला, डोकं फरशीला लागू नये म्हणून. टायवाल्याने फोन घेऊन गाडी बोलावली, मी सांगायच्या आधी. ते त्याने चांगलं केलं, हे लिहा. दारावरचा रखवालदार धावत आला. मोठ्या मिशीचा, तुम्ही आत खुर्ची दिलेला तोच. त्याने आपल्या किल्ल्यांचा जुडगा पोरीच्या मुठीत कोंबला. मी म्हणाले, "बाबा, तिला कुठलं कुलूप उघडायचं नाहीये." मग तो त्यातलीच एक किल्ली दातांत घालायला निघाला, जीभ चावेल म्हणून. मी त्याच्या हातावर चापट मारली. म्हणजे पहिला हात माझा, विहिणीचा नाही. तक्रारीत हे नाही, ते घाला. त्याने किल्ल्या काढून घेतल्या, पण माझा राग धरला.

एरवी थांबायच्या वेळी ती थांबली नाही. ओठांचा रंग बदलायला लागला. विहिणीने उजव्या हाताने पिशवीतून पाकीट काढलं, दातांनी फोडलं आणि फवारा बोटांत धरून बसली. मोठा काटा एक आकडा पुढे सरकला, म्हणजे पाच मिनिटं झाली. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "बटण, आऊला सांग, पाच झाली."

कुणाला सांगितलं? जी फरशीवर झटके देत होती तिला.

आणि विहीणही फवारा धरून पोरीच्याच तोंडाकडे बघत होती. निरोप येईल म्हणून.

असं आम्ही किती वेळ बसलो ते मला सांगता येत नाही. घड्याळ माझ्या डोळ्यांसमोर होतं तरी सांगता येत नाही. फार नसेल. हवालदारांनी विचारलं की तेव्हा तुमच्या मनात काय चाललं होतं. त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही.

मग मी ओरडले. "विहीणबाई! पाच झाली! द्या!" दुकानात सगळे वळले इतक्या मोठ्याने ओरडले. चौदा वर्षांचं साठलेलं असेल. विहिणीने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "देते."

तिने फवारा नाकपुडीला लावला, तेवढ्यात रखवालदाराने तिचं मनगट धरलं. तो ओरडत होता, "अहो, फिट आलेल्या पोरीला काय हुंगवताय? गुंगी देताय काय?" त्याच्या बाजूनेही सांगते, कारण खोटं लिहून द्यायचं नाही. दोन म्हाताऱ्या एका तरुण पोरीवर वाकलेल्या, एक बोंबलतेय, दुसरी नाकात काहीतरी खुपसतेय. त्याच्या जागी मी असते तर मीही धरला असता हात. पण मी त्याच्या जागी नव्हते.

आता चाव्याचं. ती चावली हे खरं आहे. त्याच्या डाव्या मनगटाच्या वर, चांगली चावली. दात तिचे स्वतःचे आहेत, त्याचा तिला गर्व आहे. पण का चावली ते तक्रारीत नाही. तिचा उजवा हात त्याने पकडला होता. डावा पोरीच्या गालाखाली होता. तो काढला असता तर डोकं फरशीवर आपटलं असतं. मी काय ते सांगायला गेले असते तर त्यात आणखी वेळ गेला असता. तिच्याकडे मोकळं काय राहिलं? तोंड. ते तिने वापरलं. त्याने हात सोडला, तिने फवारा पूर्ण दाबला, मग रिकामा बाजूला ठेवला आणि त्याला म्हणाली, "माफ करा हं, भाऊ." हे सगळं एका दमात. हे तीन साक्षीदारांनी ऐकलं आहे, टायवाल्याला विचारा.

त्यानंतर तिने मला विचारलं, "किती झाली?"

मी सांगितलं.

"थांबेल ना हो?"

"थांबेल. नर्सताईंनी सांगितलंय, थोडा वेळ लागतो."

"माझ्या हाताला मुंग्या आल्यात."

"मग मी धरू का?"

"नको. तुम्ही घड्याळ बघा."

झटके आधी विरळ झाले, मग बारीक झाले, मग नुसता एक अंगठा हलत राहिला. मग तोही थांबला. श्वास चालू होता, तो मी हाताच्या पाठीवर मोजला, नर्सताईंनी सांगितलं होतं तसा. ओठ परत पहिल्या रंगावर आले. विहीण म्हणाली, "थांबलं." मी म्हणाले, "थांबलं." रखवालदाराने तोवर आपला कोट काढून घडी करून आणला होता. मनगटातून रक्त येत असताना आणला. विहिणीने तो पोरीच्या डोक्याखाली घातला तेव्हा कुठे तिला हात काढता आला. तो कोट अजून आमच्याकडे आहे, धुऊन देऊ, घर लाँड्रीच्या वरच आहे.

गाडी यायच्या आधी बटणने डोळे किलकिले केले. आम्ही दोघी तिच्या दोन बाजूंना बसून बोलत होतो. विहीण विचारत होती तुमचं औषध घेतलंत का सकाळचं, आणि मी सांगत होते की आधी तुम्ही पाणी प्या. बटण जड जिभेने म्हणाली, "तुम्ही दोघी बोलताय?" मग जरा थांबून, "मी मेले की काय?"

विहीण हसायला लागली, आणि मग तिला ते आवरेना. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. एवढंच.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, औषध बरोबर, वेळ बरोबर. याच्या पुढे लांबली असती तर शिरेतून औषधं द्यावी लागली असती आणि तरी लवकर थांबेल याची खात्री नव्हती. त्यांचा फोन नंबर हवालदारांना दिलेला आहे. लावा, त्या उचलतात.

आम्ही दवाखान्यात असतानाच तुमचे दोन शिपाई आले आणि विहिणीला घेऊन आले. तक्रार अशी की तिने मुलीला गुंगीचं औषध दिलं आणि अडवणाऱ्याला जखमी केलं. पिशवीत दुसरा फवारा सापडला, तोही जप्त करून लखोट्यात घातला, त्यावर साहेबांनी सही केली आणि कपाटात ठेवला. विहिणीने मला दवाखान्याच्या दारातून सांगितलं, "पोरीजवळ बसा, माझ्या मागे येऊ नका." स्वतः सांगितलं, निरोप नाही पाठवला. मी बसले. बटणला सोडल्यावर तिला घेऊनच इथे आले. ती आता बाहेर आपल्या आऊच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली आहे. अशा फिटीनंतर झोप येते.

माझं म्हणणं असं. चाव्याचा गुन्हा लिहायचाच असेल तर दोघींवर लिहा. दात तिचे होते, पण "द्या" म्हणून ओरडले मी. मी वेळेवर नीट ओरडले असते तर रखवालदाराने हात धरायच्या आधी फवारा देऊन झाला असता. आणि मी काहीच ओरडले नसते तर ती चावली नसती, आणि आज आपण दुसऱ्याच कागदावर जबाब लिहीत असतो. तिला एकटीला आत ठेवणार असाल तर माझीही व्यवस्था करा. मला कडक गादी लागते, तिला मऊ.

दुसरं, फवाऱ्याचं. हे जास्त महत्त्वाचं आहे म्हणून शेवटी सांगते, तुमच्या लक्षात राहावं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं आहे की इतकी लांबलेली फीट एकदा येऊन गेली की पुढचे दोनतीन दिवस जपायचं, औषध हाताशी ठेवायचं, कारण पुन्हा येऊ शकते. गल्लीतल्या औषधवाल्याकडे हा फवारा नाही, तो मागवावा लागतो, येईस्तोवर चार दिवस जातात. दवाखान्यातला साठाही संपलेला आहे, मी तिथे विचारून आले. म्हणजे आज या पोरीसाठी या गावात एकच फवारा आहे आणि तो तुमच्या कपाटात आहे. हवालदार म्हणाले, "आजी, तो पुरावा आहे." मी म्हणाले, "कशाचा?" ते म्हणाले, "ते साहेब ठरवतील." मी म्हणाले, "पुरावा हवा तर रिकामा ठेवा. गुंगी दिली असेल तर त्यातूनच दिली ना? भरलेला कशाला?" हवालदारांनी पेनाचं टोपण लावलं आणि परत काढलं. त्यांच्या घरीही फिटा येणारं कुणीतरी आहे असं मला वाटलं, पण मी विचारलं नाही.

वर लिहिलेलं सगळं हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा ते घाईत होते. मी बोलले तसंच आहे. दोन ठिकाणी "सदर वृद्धा" असं घातलं होतं, ते माझ्यासमोर खोडून "आजी" केलं. मला सही येते, अंगठ्याची शाई परत घेऊन जा. सही केली आहे.

सहीच्या खाली एवढं आणखी लिहा. साहेब बाहेर गेलेत, ते परत आले की मला आत बोलवायचं नाही, विहिणीलाही नाही, आणि हवालदारांच्या तोंडून निरोप तर अजिबात नको. औषध बटणचं आहे. ते आज तिला मिळणार की कपाटात राहणार, हे ज्यांनी लखोट्यावर सही केली त्या साहेबांनी स्वतः बाहेर येऊन तिला सांगायचं, तिच्याकडे बघून. ती झोपलेली असेल तर उठवायचं नाही. उठेपर्यंत उभं राहायचं.